भिंतीवरची गोदी

४ सप्टेंबर

ती. ताईस,

फोन करून करून थकलो, म्हणून लिहितोय. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून जगाची बोलणी जोडून दिलीस आणि आता सख्ख्या भावाचं एक वाक्य तुझ्या कानात शिरत नाही. मी फोटोचं विचारतो, तू खोकल्याचं सांगतेस आणि ठेवून देतेस. कागदावर तरी तुला टाळता येणार नाही.

तर पुन्हा एकदा, सावकाश. इथल्या नौदलाच्या गोदीला दीडशे वर्षं झाली. जुन्या दोरखंडांच्या गोदामात प्रदर्शन भरतंय, उद्घाटन दहा नोव्हेंबरला. समितीवर मी आहे. रिटायर झाल्यापासून घरात माझं कुणी ऐकत नाही, इथे निदान लिहून तरी घेतात. आणि सगळ्यांना हवाय तो आपला फोटो, बाबांच्या जेवणाच्या टेबलासमोर जन्मभर टांगलेला. पाणी उपसलेली सुकी गोदी, तळाशी टेकू देऊन उभी केलेली बोट आणि कठड्यापाशी रांगेत सगळं ड्रॉइंग ऑफिस. मधोमध बाबा, कमरेला रेकॉर्डरूमच्या किल्ल्यांचा जुडगा. डावीकडे टोकाला ट्रेसिंगच्या टेबलावरचे रेघोट्याकाका. गोदीतली प्रत वाळवीने खाल्ली, त्यामुळे आता काय ती आपलीच.

पाटीचा मजकूर मी लिहिलाय. चुका काढ, ते तुला आवडतं:

‘चोपन्न वर्षांपूर्वी बोटींना रंग पुरवणारा एक कंत्राटदार परक्या देशाचा हेर निघाला. त्याच सुमारास सुक्या गोदीच्या दाराचं ड्रॉइंग क्रमांक २१४ गहाळ असल्याचं रेकॉर्डकीपरांच्या सतर्कतेमुळे उघडकीस आलं आणि ते हेराला पुरवणारा ट्रेसर गजाआड झाला.’

आणि आता ऐक. त्या दालनाला बाबांचं नाव देताहेत. आपल्या बाबांचं! मी सुचवलं नाही, साहेबांनी स्वतःहून काढलं.

फोटो चौकटीसकट पाठव. इथला माणूस चौकट उघडून, काच काढून सगळं नीट साफ करेल.

तुझा,
बारक्या


११ सप्टेंबर

चि. बारक्यास,

कान गेलेत, डोकं शाबूत आहे. फोटो म्हणालास ते ऐकू आलं होतं.

तो काढता येणार नाही. खिळा गंजलाय, ओढला तर अर्धी भिंत हातात येईल आणि रंगारी महिना महिना तोंड दाखवत नाही. चौकट जड आहे, मी सासष्ट वर्षांची आहे. इथला फोटोग्राफर भिंतीवर आहे तसाच त्याचा फोटो काढून देतो म्हणालाय. तो पाठवते, त्यावर भागव.

पाटीवरचा ‘हेराला पुरवणारा’ हा शब्द काढ. कोर्टात तसं काही सिद्ध झालं नव्हतं. ड्रॉइंग घेतल्याची शेवटची सही रेघोट्याकाकांची होती आणि ते सापडलं नाही, एवढंच. हेराकडेही सापडलं नव्हतं.

बाबांच्या नावाचं वाचलं. त्यांना असलं काही आवडलं नसतं.

ताई


१९ सप्टेंबर

ती. ताईस,

तुझ्या फोटोग्राफरने काढलेला फोटोचा फोटो मिळाला. काचेत तुझा फ्रिज दिसतोय. दीडशे वर्षांच्या ऐतिहासिक सुक्या गोदीत, बोटीच्या पुढच्या टोकाला टेकून, एक फ्रिज उभा आहे. वर तुझं दुधाचं भांडंसुद्धा आहे. समितीत हा फिरवला तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं.

सिद्ध झालं नाही म्हणतेस? त्या रंगवाल्याबरोबर कॅन्टीनला रोज चहाला कोण बसायचं? परदेशातल्या कुणा पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला पत्रं कोण लिहायचं? दोन वर्षं शिक्षा काय हवेत झाली? मी सहा वर्षांचा होतो, तरी मला आठवतं, बाबा आठवडाभर जेवले नव्हते. स्वतःच्या दोस्ताविरुद्ध साक्ष द्यायला छाती लागते, ताई. त्याची कदर चोपन्न वर्षांनी होतेय आणि तू एका खिळ्यासाठी अडून बसलीस!

तू उगाच फाटे फोडू नयेस म्हणून मीच सोय केलीय. येत्या मंगळवारी सामान पोचवणाऱ्या कंपनीचा माणूस येईल. तो खिळा काढेल, भिंत बुजवेल, फोटो गादीत गुंडाळून नेईल. तू फक्त दार उघड. फोटो मोठा करून रेघोट्याकाकांच्या डोक्याभोवती लाल वर्तुळ काढायचं ठरलंय, म्हणजे लोकांना पटकन कळेल.

बारक्या


२७ सप्टेंबर

बारक्या,

मंगळवारी मी घरी नसते. तुझा माणूस शुक्रवारी परत आला, तेव्हा होते. दार उघडलं नाही. पाऊण तास बेल वाजवत होता, शेवटी जिन्यात बसून डबा खाल्ला आणि गेला. त्याला माझ्या वतीने सॉरी सांग, तुला सांगणार नाही.

लाल वर्तुळ! तो काय शाळेतला पेपर आहे? ज्या माणसाने तुला खांद्यावर बसवून बोटी दाखवल्या, मूळ ड्रॉइंगवर पातळ कापड टाकून रेघ न रेघ कशी उतरवतात ते शिकवलं, ज्याला रेघोट्याकाका हे नाव तूच बोबड्या तोंडाने ठेवलंस, त्याच्या डोक्याभोवती तू वर्तुळ काढणार? तो माणूस जिवंत आहे, बारक्या. चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. पेपर वाचतो.

फोटो मिळणार नाही. जा, साहेबाला सांग बहीण हेकट आहे.

ताई


६ ऑक्टोबर

ताई,

तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंना फोन केला. तू बरी आहेस ना एवढंच विचारायचं होतं. त्या म्हणाल्या, ‘ताई ना? त्या दर मंगळवारी वृद्धाश्रमात जातात, पाट्या रंगवणाऱ्या आजोबांना पेपर वाचून दाखवायला. ते पूर्वी गोदीत होते म्हणे.’

मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो.

ते तुझ्याच गावात आहेत हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस. बाबांनी त्या माणसापायी आयुष्यभर कुणाला घरी जेवायला बोलावलं नाही, कुणावर विश्वास टाकला नाही, आणि त्यांची मुलगी दर आठवड्याला त्याच्याकडे जाऊन बातम्या वाचते! पेपर वाचतो म्हणे. वाचून दाखवावा लागतो असं लिही की.

आता मला सगळं दिसतंय. तुला फोटो द्यायचा नाही कारण तुला बाबांपेक्षा तो जवळचा झालाय. त्याने तुझे कान भरलेत आणि बाबा गेल्यावर तुला ते खरं वाटायला लागलं. समितीची तारीख वीस ऑक्टोबर आहे. त्याआधी काय ते एका ओळीत कळव. माझ्या डोक्याला ताप झालाय.

बारक्या


१२ ऑक्टोबर

चि. बारक्यास,

एका ओळीत मावणारं नाही. खाली बस आणि शेवटपर्यंत वाच, मध्येच उठून फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

हो, जाते. अकरा वर्षं जातेय. त्यांनी माझे कान भरले नाहीत. बाबांबद्दल ते कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, तेच तर सोसत नाही.

आपल्या घरात वह्यांना कव्हर घालायला कागद कधी विकत आणला नाही, आठवतं? ऑफिसात ड्रॉइंग रद्द झालं की बाबा त्याचा खालचा कोपरा कात्रीने उडवायचे. कोपरा कापलेले कागद जाळायचे असा नियम होता. पण इतका जाड, चांगला कागद जाळायचा म्हणजे बाबांच्या जिवावर यायचं. ते घरी आणायचे. सगळं ऑफिसच न्यायचं, साहेबाचा शिपाईसुद्धा. माझ्या भूगोलाच्या वहीला बॉयलरचं कव्हर होतं आणि आईच्या फडताळात डब्यांखाली अख्खी इंजिनरूम अंथरलेली होती. त्या हेराने रंगाचे डबे वाहून उगाच कंबर मोडून घेतली, आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसला असता तरी त्याचं काम झालं असतं.

गोदीचा तो फोटो बाबांनी घरी आणला तोही असाच एका कागदात गुंडाळून. मी बारा वर्षांची होते, फ्रेमवाल्याकडे त्यांच्याबरोबर गेले होते. तो म्हणाला, मागे लावायला जाड कागद लागेल. बाबांनी गुंडाळलेला तोच कागद पुढे केला. त्याने तो घडी करून फोटोच्या मागे घातला, वर फळी, चारी बाजूंनी खिळे आणि शिवणीवर पट्टी चिकटवली.

बाबा गेल्यावर सामान इकडे आणलं तेव्हा ट्रकमध्ये काच तडकली. तुला सांगितलं नाही, तू ओरडला असतास. मी ती बदलायला दिली. इथल्या फ्रेमवाल्याने मागची फळी काढली, कागद उलगडला आणि म्हणाला, ‘बाई, हाच ठेवू की नवीन घालू?’ कागदाचा कोपरा शाबूत होता. वर गोदीचा शिक्का, खाली नंबर. दोनशे चौदा.

तू लहान होतास. मी तो नंबर त्या वर्षी जेवताना, झोपताना, शाळेला जाताना ऐकलाय. मला दुसऱ्यांदा वाचावा लागला नाही.

बाबांना माहीत नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. माहीत असतं तर त्या भिंतीसमोर बसून एक घास त्यांच्या घशाखाली उतरला नसता. घाईत रद्दच्या गठ्ठ्यातून म्हणून एक कागद ओढला, तो नेमका चालू निघाला. रेघोट्याकाकांनी काम संपवून ते ड्रॉइंग बाबांच्या टेबलावर ठेवलं होतं. परत केल्याची सही राहिली होती, मधल्या सुट्टीनंतर करू म्हणून. आठवड्याने बाबांनी मोजदाद केली तर एक कमी. दुसरा कुणी असता तर चार दिवस शोधलं असतं. पण त्याच आठवड्यात रंगवाला पकडलेला, आणि आपले बाबा नियमाचे एवढे पक्के की सरळ साहेबापुढे जाऊन उभे राहिले. पोलिसांनी रेघोट्याकाकांच्या घरातल्या फरश्या उखडल्या. आपल्याकडे कोण येणार? आपण तक्रार करणारे.

सुटून आल्यावर तिकडे त्यांना कुणी कामावर घेईना, म्हणून ते या गावात आले आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले. आमच्या एक्सचेंजची पाटीही त्यांनीच रंगवलेली. कागद सापडला त्या मंगळवारी मी तो पिशवीत घालून त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा केला. काकांनी बाबांच्या आजारपणाचं विचारलं, ‘शेवटी त्रास झाला नाही ना?’ म्हणाले. पुढच्या मंगळवारी सांगू म्हटलं आणि कागद घेऊन परत आले. पुन्हा होता तिथे, फोटोच्या मागे ठेवून दिला.

तो काढून नुसता फोटो तुला पाठवायला मला पाच मिनिटं लागली असती. तू लाल वर्तुळ लिहिलंस आणि मग ते जमेना. आता तूच सांग, पाटीवर काय लिहायचं?

ताई


२४ ऑक्टोबर

ताई,

आठवडाभर लिहायला बसतोय आणि उठतोय.

वीस तारखेच्या बैठकीत मी गप्प बसलो. दालनावरची अक्षरं ओतून आली आहेत, पितळेची. मी हात फिरवून पाहिली. निमंत्रणं छापून झाली, माझ्या दोन्ही मुली नातवंडांना घेऊन येताहेत. आता मी उभा राहून काय सांगू? की ज्यांचं नाव लावताय त्यांनीच ते ड्रॉइंग घरी नेलं, आणि वर दोस्ताला आत पाठवलं?

मी लपव म्हणत नाही. फक्त दहा तारीख जाऊ दे. लाल वर्तुळ मी काढू देणार नाही, ‘पुरवणारा’ शब्दही काढतो. फोटोसुद्धा नको मला, तुझ्याकडेच असू दे. महिन्याभराने, सगळं शांत झाल्यावर, आपण दोघं मिळून जाऊ त्यांच्याकडे. चोपन्न वर्षं गेली, एका महिन्याने काय बिघडतंय? बाबांसाठी एवढं कर.

बारक्या


२९ ऑक्टोबर

बारक्या,

वा रे वा. दोन महिने फोटो दे, फोटो दे म्हणून माझा जीव खाल्लास, माणूस पाठवून बेल बडवलीस, आणि आता फोटो नको! पितळेची अक्षरं ओतून आली म्हणून चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने अजून एक महिना चोर राहायचं का? महिन्याने काय बिघडतं ते त्यांना विचार, त्यांच्याकडे किती महिने उरलेत ते आधी मोज. आणि बाबांसाठी म्हणतोस? ज्या माणसाने स्वतःच्या टेबलावरची चूक साहेबाला जाऊन सांगितली, त्याला हे पत्र दाखवलं असतं तर तुला उभं केलं नसतं त्यांनी दारात. लाज वाटू दे थोडी.

मी फ्रेमवाल्याकडून फोटो उघडून घेतलाय. येत्या मंगळवारी कागद घेऊन जातेय.

ताई


१ नोव्हेंबर

ताई,

हे कुरियरने पाठवतोय, सोमवारी मिळेल. थांब. निदान मला येऊ दे, मी शुक्रवारी रात्री निघतो. असं एकटीने जाऊ नकोस. त्यांचं वय आहे, काही झालं तर? मला तुझा राग आलाय, पण तू बरोबर आहेस हेही मला कळतंय आणि त्याचा जास्त राग येतोय. थांब.

बारक्या


५ नोव्हेंबर

चि. बारक्यास,

पत्र सोमवारी मिळालं. थांबले नाही. म्हणून हे उलट कुरियरने पाठवतेय, तू निघू नकोस.

ते खिडकीपाशी बसले होते. मी पेपर बाजूला ठेवला आणि कागद त्यांच्यासमोर टेबलावर पसरला. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ बघितलं. नंबर वाचला नाही. एका रेघेवर बोट ठेवून म्हणाले, ‘ही उतरवताना माझा हात हलला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही.’ मग विचारलं, कुठे होतं. मी सगळं सांगितलं, फ्रेमवाला, घडी, फळी, खिळे. ते हसायला लागले. खरंच हसले, खोकला येईपर्यंत. म्हणाले, ‘तुझा बाप चोर नव्हता ग. गाढव होता. मीही घरी पाच-पंचवीस कागद नेले असतील.’ मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचा हात धरून रडले. म्हटलं, संपलं एकदाचं.

मग त्यांनी विचारलं, ‘तुला कधी सापडलं?’

खोटं बोलता आलं असतं. गेल्या महिन्यात म्हणाले असते तर त्यांनी विश्वास ठेवला असता. मी अकरा वर्षं म्हणाले.

ते बोटांवर मोजायला लागले. त्यांना मोजताना बघत बसावं लागलं मला. म्हणाले, ‘हिला जाऊन नऊ वर्षं झाली.’ मग म्हणाले, ‘कोर्टाचं मला काही वाटलं नाही. गोदीचंही नाही. पण ही पंचेचाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिली आणि तिला वाटायचं मी केलंय. भांडली नाही, सोडून गेली नाही. फक्त वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी भाजी निवडताना विचारायची, आता तरी मला खरं सांगा, मी कुणाला बोलणार नाही. हॉस्पिटलमध्येही विचारलंन. मी म्हटलं, नाही ग, मी नाही केलं. ती बरं म्हणाली आणि भिंतीकडे वळली. तेव्हा हा कागद तुझ्या घरात होता. तू तिला बघायला आली होतीस, मोसंबी घेऊन.’

आले होते, बारक्या. दोनदा.

त्यांनी कागदाची नीट घडी केली, उशीखाली ठेवला. मला म्हणाले, ‘मंगळवारी येत जाऊ नकोस आता.’ ओरडले नाहीत. नर्सला बोलावून म्हणाले, बाईंना दारापर्यंत सोड.

मी तुला काय काय लिहिलं! एक महिना मागितलास म्हणून लाज काढली तुझी, आणि माझ्या अकरा वर्षांचं मी काय केलं? पेपर वाचून दाखवले. मला वाटत होतं मी त्यांच्यासाठी काहीतरी करतेय.

आज सकाळी आश्रमाच्या मॅनेजरबाईंचा निरोप आला. काकांनी गाडी ठरवायला सांगितलीय. दहा तारखेला ते स्वतः कागद घेऊन गोदीत येणार आहेत, नर्स बरोबर असेल. उद्घाटनाच्या आधी पोचतील. अक्षरं लावायची की उतरवायची ते तुम्ही ठरवा, पण त्यांचं बोलून झाल्यावर ठरवा. त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. तू फाटकापाशी थांब, पहिल्या रांगेत खुर्ची ठेव, आणि स्वतः हात धरून आत ने. मी येणार नाही. त्यांनी मला नको म्हटलंय.

ताई